उठबस

खुर्ची मीच नेते सोबत,
मागच्या सीटवर पट्टा बांधून.
हात नसलेली, लाकडी, अंमळ बुटकी.
अख्ख्या काइनू प्रांतातल्या म्हाताऱ्यांना ती एकच,
म्हणजे मोजताना कुणावर अन्याय नको.

फेब्रुवारी. उणे सव्वीस.
फाट्यापुढे बर्फ उपसलेलं नव्हतं,
तेव्हा खुर्ची डोक्यावर घेतली
आणि घर येईतो तीनदा थांबले.
माझं वय एकावन्न.
हे फॉर्मवर लिहायचं नसतं.

लेम्पी कार्पिनेन तळ्यावर होती.
भोकावर रात्रीतून पुन्हा धरलेली साय
पहारीनं फोडत होती.
"थांब गं, दोन बादल्या तेवढ्या काढते.
नळ आहे घरात. पण नळाच्या पाण्याची
कॉफी नाही होत, नुसतं गरम काहीतरी होतं."
वय अठ्ठ्याऐंशी.
हे मात्र लिहायचं असतं.

हात छातीवर, फुली मारल्यासारखे, मी म्हटलं.
पाच वेळा उठा, पाच वेळा बसा.
"एवढ्यासाठी पेट्रोल जाळलंस?"
दहा सेकंद आणि वर थोडं.
पाचव्यांदा बसली ती आपटून नव्हे,
झोपलेल्या मुलाशेजारी टेकावं तशी.

तरुणपणी कोणता व्यायाम करत होता?
फॉर्म विचारतो.
"व्यायाम?" तिनं खरोखर विचार केला.
"नाही बाई. वेळ कुठे होता?"
मग कॉफी ओतता ओतता, भलत्याच सुरात,
शाळेची वाट नऊ किलोमीटर, स्कीवर,
दलदलीतून बेरीच्या बादल्या,
धक्क्यावर घासायचे चिंध्यांचे गालिचे,
भिजले की वासराएवढे जड.
"आणि एकदा वासरूच, खरंखुरं,
खांद्यावर. लाथा मारत होतं मेलं."
पर्याय तीन होते:
नियमित. अधूनमधून. कधीच नाही.
माझं पेन तिन्हींवरून फिरून आलं.

भिंतीपलीकडे कुणी खोकलं.
तौनो. धाकटा भाऊ.
तीच वाट, तीच शाळा, तेच नऊ किलोमीटर,
वर चाळीस हिवाळे लाकूडतोड.
आता कमरेखालचं काही ऐकत नाही त्याचं.
"घाम माझ्याहून त्यानंच जास्त गाळला," ती म्हणाली.
"काही कामं अंगी लागतात,
काही अंगावर येतात.
कुठलं कुठलं, ते करताना कळतं होय?"
यासाठी फॉर्मवर रकाना नाही.
मी समासात लिहायला घेतलं, मग खोडलं.

ती आत गेली. दार उघडंच होतं.
तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकलेला,
हात त्याच्या काखेतून पाठीमागे,
कानाशी काहीतरी पुटपुटली, शिवीच असावी,
कारण तो हसला,
आणि हसता हसता उभा होता.
पलंगावरून खुर्चीत.
खुर्चीतून खिडकीशी.
दिवसातून किती वेळा?
"तो मोजत असेल. विचार त्याला."

उठबस म्हणतात ती ही.
मी आपली घड्याळ लावून
भलत्याच खुर्चीसमोर बसलेले.

शेवटी मुठीचं यंत्र. एकवीस किलो.
वयाच्या मानानं उत्तम, मी म्हटलं.
"कुणाच्या वयाच्या?"

निघताना तिनं माझी खुर्ची
आपल्या लाथगाडीवर ठेवली, दोरी आवळली
आणि एका पायानं बर्फ मागे ढकलत सुटली.
मी मागून. धापा टाकत. हाका मारत.
फाट्यावर पोचले तेव्हा
खुर्ची गाडीला टेकून उभी होती
आणि ती परत वळलेली,
तौनोची अडीचची वेळ झाली म्हणून.

रात्री स्वयंपाकघरात, नवरा झोपल्यावर,
मी ती खुर्ची मांडली.
हात छातीवर.
तिसऱ्यांदा उठताना एक हात सुटला
आणि मला न विचारता टेबल धरून बसला.
घड्याळ चालूच होतं.